कुसळ, मुसळ आणि निवाडा

कोणत्याही धर्मग्रंथाचे मनःपूर्वक वाचन करणाऱ्यास कधी ना कधी एक अडचण येतेच. एका पानावर जे करू नये म्हणून बजावलेले असते, तेच करण्याची आज्ञा दुसऱ्या पानावर आढळते. श्रद्धाळू वाचक अशा वेळी गोंधळतो, चिकित्सक वाचक हसतो, आणि व्यवहारचतुर माणूस आपल्या सोयीचे वचन उचलून घेऊन चालू लागतो. यांतील तिसऱ्या प्रकारच्या वाचकामुळे समाजात जितका अनर्थ होतो, तितका पहिल्या दोघांमुळे होत नाही. या महिन्यात या सदरातून बायबलमधील अशाच काही वचनांचा विचार करावयाचा आहे. विषय न्यायाचा आणि आरोपाचा आहे.

हा विषय घेण्यास एक पत्र निमित्त झाले. छिंदवाड्याकडील एका लहान गावातून एका ख्रिस्ती भगिनीने ते लिहिले आहे. त्यांच्या गावी महिलांचा बचत गट आहे. गटाची वही आणि जमा रक्कम यांचा मेळ गेले काही महिने बसत नाही. या भगिनीने हिशेब पाहावयास मागितला, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींनी तिला प्रभू येशूचे वचन ऐकविले की, कोणाचे दोष काढू नयेत. दुसऱ्या बाजूस, ज्या बाईकडे वही आहे तिला गावातील बायकांनी पाणवठ्यावर आणि ओसरीवर केव्हाच चोर ठरवून टाकले आहे. आणि त्यांच्याही तोंडी बायबलचेच वचन आहे की, न्याय करावा. "सर, दोन्ही वचने एकाच ग्रंथातील. मग मी गप्प बसावे की बोलावे?" असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न एका गावाचा किंवा एका धर्माचा नाही, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावेसे वाटले.

प्रथम वचने समोरासमोर मांडू. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीच येशू सांगतो की, दुसऱ्याचे दोष काढू नका, म्हणजे तुमचे काढले जाणार नाहीत. योहानाच्या सातव्या अध्यायात (७:२४) तोच येशू सांगतो की, वरवर पाहून नव्हे, तर यथार्थ न्याय करा. आठव्या अध्यायात (८:१५) तो म्हणतो की, मी कोणाचाच न्याय करीत नाही. आणि नवव्या अध्यायात (९:३९) म्हणतो की, मी न्यायासाठीच या जगात आलो. पाचव्या अध्यायात सर्व न्याय पुत्राकडे सोपविला आहे असे सांगून (५:२२) पुढे तोच म्हणतो की, मी तुमच्यावर पित्याजवळ दोषारोप करीन असे समजू नका (५:४५). पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात, वेळेपूर्वी कशाचाही न्याय करू नका, असे आहे. आणि सहाव्या अध्यायात, तुमच्यात भावाभावांचा निवाडा करण्याजोगा एकही शहाणा माणूस नाही काय, असा संतप्त प्रश्न आहे. नुसती वचने वेचून पाहिली तर एखाद्या वकिलाने दोन्ही पक्षांची कैफियत स्वतःच लिहावी तसे हे दिसते.

अशा प्रसंगी ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे, याची एक जुनी रीत आपल्या शास्त्रकारांनी घालून दिलेली आहे. मीमांसक म्हणतात की, एखाद्या वचनाचा अर्थ सुटा लावू नये. प्रकरणाचा उपक्रम कोणता आणि उपसंहार कोणता हे आधी पाहावे, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे ते पाहावे, फल काय सांगितले आहे ते पाहावे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात या कसोट्यांची चर्चा केली आहे. ती रीत गीतेला लागू पडते तशी बायबललाही लागू पडावयास हरकत नाही. एखादे वाक्य कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी उच्चारले, हे विचारल्याखेरीज त्याचा अर्थ हाती लागत नाही.

आधी शब्दाकडे वळू. नवा करार मुळात ग्रीक भाषेत आहे. वर दिलेल्या न्यायविषयक बहुतेक ठिकाणी तेथे 'क्रिनो' हे क्रियापद किंवा त्याच्याच घरचा शब्द आलेला आहे. त्याचा मूळचा अर्थ वेगळे करणे, निवडणे असा; त्यावरून ठरविणे, न्याय करणे, आणि क्वचित दोषी ठरविणे हे अर्थ आले. मराठी वाचकास हे समजावयास कष्ट पडू नयेत, कारण आपल्या भाषेतही असेच घडले आहे. 'निवडणे' आणि 'निवाडा' हे शब्द एकाच घरचे आहेत. सुपात तांदूळ घेऊन खडे वेगळे करणारी गृहिणी आणि चावडीवर वाद तोडणारा पंच ही दोघे भाषेच्या दृष्टीने एकच काम करतात. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याचा हंगाम आला की ढिगापुढे बसलेली माणसे दिवसभर फळांची छाटणी करीत असतात. डागी फळ बाजूला ठेवणारा मजूर त्या फळाचा द्वेष करीत नसतो. निवड करणे ही एक गोष्ट आणि दोषी ठरवून शिक्षा ठोठावणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी ग्रीक भाषेत 'काताक्रिनो' असे निराळे क्रियापद आहे. इंग्रजीत वाचणाऱ्यास मत्तय आणि योहान या दोन्ही ठिकाणी एकच शब्द भेटतो, म्हणून विरोध अधिक तीव्र वाटतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या मराठी बायबलात मात्र मत्तयाच्या ठिकाणी 'दोष काढणे' आणि योहानाच्या ठिकाणी 'न्याय करणे' असे दोन प्रयोग आहेत. भाषांतरकाराने शब्द बदलला, कारण त्याने प्रसंग पाहिला. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या काळात केडगावी बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले व ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. एका शब्दाच्या निवडीवर सामान्य वाचकाचे आचरण अवलंबून असते, ही जाणीव असल्याखेरीज एवढे कष्ट कोणी उपसत नाही.

आता उपक्रम आणि उपसंहार पाहू. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात हाच दृष्टांत येतो. परंतु आपण म्हण जेथे थांबवितो तेथे तो दृष्टांत थांबत नाही. तेथे पुढे असे सांगितले आहे की, आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यापुरते तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे उपक्रम दोष न काढण्याचा असला तरी उपसंहार कुसळ काढण्याचाच आहे. कुसळ डोळ्यात राहू द्यावे, असे येशूने कोठेही म्हटलेले नाही. डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसाला वेदना होत असतात. ते काढणाऱ्याचा हात हलका आणि नजर स्वच्छ हवी, एवढेच त्याचे सांगणे आहे. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहावे आणि झाड फळांवरून ओळखावे अशीही शिकवण आहे. ज्याने निवड करणेच सोडले त्याला झाड फळावरून ओळखता कसे येईल? तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्या भगिनीला ऐकविलेले वचन खरे आहे. ते अर्धे आहे, इतकेच.

हे दोन्ही धागे येशूने नव्याने गुंफलेले नाहीत. ते जुन्या करारात आधीपासून एकत्र विणलेले होते. लेवीय नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील १५ ते १८ ही चार वचने सलग वाचावीत. पहिल्यात सांगितले आहे की, न्याय करताना गरिबाची भीड धरू नये आणि थोराचे तोंड पाहू नये. दुसऱ्यात, लोकांत चहाड्या करीत फिरू नये. तिसऱ्यात, भावाचा मनात द्वेष करू नये, पण त्याला उघडपणे बोलून अवश्य सावध करावे. चौथ्यात, सूड घेऊ नये, डूख धरू नये, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे. न्याय कर, चहाडी करू नकोस, तोंडावर सांग, डूख धरू नकोस, प्रेम कर, अशी ही एक शिडी आहे. तिची एकच पायरी काढून खांद्यावर घेतली तर तिचे दांडके होते.

थोराचे तोंड न पाहण्याचा दाखला मराठी माणसास दूर शोधावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर सत्ता रघुनाथरावांच्या हाती आली. रामशास्त्री प्रभुणे हे त्यांच्याच राज्यातील न्यायाधीश. त्यांनी चौकशी केली आणि प्रत्यक्ष सत्ताधाऱ्याच्या तोंडावर, या पातकाला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय सांगून ते पद सोडून निघून गेले. दोन गोष्टी येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. रामशास्त्र्यांनी चौकशीपूर्वी कोठे आवई उठविली नाही. आणि चौकशीनंतर मौन धरले नाही. आधी बोलणारे आणि नंतर गप्प बसणारे लोक आपल्या भोवती पुष्कळ असतात. रामशास्त्र्यांचे नाव अडीच शतके टिकले ते त्यांनी हा क्रम उलटा होऊ दिला नाही म्हणून.

योहानाच्या सातव्या अध्यायाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट उघड होते. यथार्थ न्याय करा, असे येशू म्हणतो तेव्हा तो न्यायासनावर नाही. तो स्वतः आरोपी आहे. शब्बाथाच्या दिवशी एका आजारी माणसाला बरे केले, हा त्याच्यावरील ठपका आहे, आणि लोकांचे मत आधीच ठरलेले आहे. अशा वेळी आरोपी म्हणतो की, माझ्याकडे वरवर पाहू नका, नीट पाहा. त्याच अध्यायाच्या शेवटी निकदेम नावाचा एक वृद्ध अधिकारी सभेत विचारतो की, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? त्यावर त्याला उत्तर मिळत नाही, टोमणा मिळतो. तात्पर्य असे की, मत्तयातील वचन आरोप करणाऱ्याला उद्देशून आहे आणि योहानातील वचन आरोपीच्या तोंडचे आहे. एक सांगते, दगड खाली ठेव. दुसरे सांगते, माझे ऐकून घे. यांत विरोध कोठे आहे?

दगडाचा उल्लेख आला, तो ओघाने आला नाही. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची प्रसिद्ध कथा आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग आढळत नाही, हे अभ्यासक सांगतात व ते खरे आहे. तरीही शतकानुशतके ख्रिस्ती समाजाने ही कथा जिवापाड जपली. त्या स्त्रीला मध्ये उभी करून लोक विचारतात की, हिला दगडमार करावा काय? आता मोशेच्या नियमशास्त्रात काय आहे पाहा. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून कोणाला देहान्त शासन करता येत नाही, आणि पहिला दगड साक्षीदारानेच उचलावयाचा असतो. एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे साक्ष खोटी ठरली तर आरोपीला जी शिक्षा झाली असती तीच साक्षीदारास भोगावी लागते. शिवाय या गुन्ह्यात पुरुष आणि स्त्री दोघेही सारखेच दोषी मानलेले आहेत. त्या दिवशी जमावाने पुरुषाला आणलेच नव्हते. तेव्हा तुमच्यापैकी जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, असे येशू म्हणतो, ते केवळ दयेचे बोलणे नव्हे. ते नियमशास्त्राचेच काटेकोर स्मरण आहे. पहिला दगड उचलणे म्हणजे साक्षीची जबाबदारी घेणे. ती घ्यावयास कोणी पुढे आला नाही, आणि वडील मंडळींपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून गेला. मग येशू तिला म्हणतो की, मीही तुला दंड ठरवीत नाही. आणि लगेच सांगतो की, पुन्हा पाप करू नकोस. पहिल्या वाक्यात शिक्षा नाही, दुसऱ्या वाक्यात निवाडा आहे. एका श्वासात दोन्ही.

आमच्या भागातील वाचकांस दगडमार म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या दोन्ही काठांवर गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. आजवर यात अनेकांचे प्राण गेले, कित्येकांना अपंगत्व आले. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा उपायही टिकला नाही. या प्रथेमागे एक दंतकथा सांगतात. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या एका तरुणीला घेऊन नदी ओलांडत होता. सावरगावच्या लोकांनी ते पाहिले आणि त्यांनी दगड उचलले. पांढुर्ण्याचे लोक तरुणाच्या बाजूने धावले आणि त्यांनीही दगड उचलले. दोन्ही बाजूंच्या दगडांखाली ती दोघे नदीपात्रातच मरण पावली. कथा खरी की कल्पित हा प्रश्न येथे गौण आहे. आरोप करणाऱ्यांचे दगड आणि कैवार घेणाऱ्यांचे दगड, दोन्ही मध्ये उभ्या असलेल्यांनाच लागले, हे तिचे मर्म आहे. गावातील एखाद्या बाईवर आळ येतो तेव्हा असेच घडते. एक पक्ष तिला चोर म्हणतो, दुसरा पक्ष चोर म्हणणाऱ्यांची कुळे उकरून काढतो, आणि वहीतला आकडा मात्र कोणीच तपासत नाही.

येशूने स्वतःविषयी काढलेल्या परस्परविरोधी उद्गारांचा उलगडाही याच वाटेने होतो. मी न्याय करावयास आलो नाही आणि मी न्यायासाठी आलो, ही दोन्ही विधाने योहानाच्याच शुभवर्तमानात आहेत. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात याची किल्ली ठेवलेली आहे. तेथे म्हटले आहे की, जगात प्रकाश आला आणि माणसांना अंधार अधिक आवडला, हाच न्याय. अंधाऱ्या माजघरात आपण दिवा नेतो तो उजेडासाठी नेतो; जळमटे दाखविणे हा दिव्याचा हेतू नसतो. पण दिवा आला की जळमटे दिसतातच. हेतू एक, परिणाम दुसरा. हेतूच्या दृष्टीने तो न्याय करावयास आलेला नाही. परिणामाच्या दृष्टीने त्याच्या येण्यानेच निवड होऊन जाते.

आता आरोपाकडे येऊ. बायबलात आरोप करणारा म्हणून एक ठरलेले पात्र आहे. त्याचे नाव सैतान. आपल्या बोलीत सैतान म्हणजे भूतपिशाचाचा थोरला भाऊ. पण हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ विरोधी पक्ष, फिर्यादी असा आहे. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारी उभा राहून एका सज्जनाच्या हेतूविषयी शंका घेतो. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्याला बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हटले आहे. तेथे ज्या घरचा ग्रीक शब्द आहे, तो 'कातेगोरोस', सभेत किंवा चौकात दुसऱ्याविरुद्ध बोलणारा या अर्थाने घडलेला आहे. मराठीत म्हणावयाचे तर दुसऱ्याला चव्हाट्यावर आणणारा. 'दियाबोलोस' या त्याच्या दुसऱ्या नावाच्या मुळाशी तर फेकण्याचीच क्रिया आहे. याच्या उलट बाजूस जो उभा आहे त्याला मराठी बायबलात फार सुंदर शब्द योजिला आहे: कैवारी. मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस', म्हणजे मदतीसाठी जवळ बोलाविलेला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, कोणी पाप केले तरी पित्याजवळ आपला कैवारी आहे, असे आश्वासन आहे. लक्षात घ्यावे की, हा कैवारी पाप झालेच नाही असे म्हणत नाही. आरोप सत्य असूनही आरोप करणारा सैतान ठरू शकतो, आणि दोष मान्य करूनही कैवार घेता येतो. फरक सत्यात नाही. बोलणाऱ्याला त्या माणसाचे काय व्हावेसे वाटते, यात आहे.

हा फरक आचरणात कसा दिसतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे ज्यात वरचे कुसळ-मुसळाचे वचन आहे त्याच प्रवचनाने, ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्यामुळे आकाश कोसळले. पती दुरावला, समाजाची बोलणी वाट्यास आली, पदरी लहान मूल. अशा स्थितीत त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथनात टिळकांचा लहरीपणा, संताप, घरात दाणा नसताना केलेला दानधर्म, हे सारे जसेच्या तसे आले आहे. काही झाकलेले नाही. पतीवर फिर्याद करण्याचा अधिकार जर कोणाला असेल तर तो या बाईला होता. पण पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी तिरस्कार उरत नाही, प्रेम उरते. लक्ष्मीबाईंनी निवाडा केला, आरोप केला नाही. त्यांनी स्वतःलाही त्याच विनोदी आणि परखड नजरेने पाहिले आहे, म्हणून त्यांच्या नजरेवर आपला विश्वास बसतो.

शाळेत हा प्रश्न आम्हा शिक्षकांपुढे नित्य उभा असतो. कोणाची कंपासपेटी किंवा परीक्षा-शुल्काचे पैसे हरवले की वर्गातून तत्काळ एक नाव ऐकू येते, आणि ते नाव बहुधा सर्वांत फाटका सदरा घातलेल्या मुलाचे असते. त्या क्षणी शिक्षकाने मुलांना गप्प करून हरवलेल्या वस्तूचा शोध तसाच सोडून दिला, तर त्या मुलावरचा आळ आयुष्यभर तसाच राहतो. शोध घेणे हा त्या मुलाचा पहिला हक्क आहे. जो निरपराध आहे त्याला चौकशीचे भय नसते; त्याला भय असते ते चौकशी न होण्याचे.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे सांगणे असे. आपण गप्प बसू नये, आणि पाणवठ्यावरही बोलू नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात (१८:१५-१७) याची पद्धतच घालून दिलेली आहे. अपराध करणाऱ्याकडे आधी एकट्याने जावे आणि दोघांतच बोलावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोन माणसे बरोबर न्यावीत, म्हणजे प्रत्येक शब्दाला साक्ष राहील. तरीही ऐकले नाही तरच मंडळीपुढे गोष्ट मांडावी. गावाची रीत नेमकी याच्या उलट असते. आधी चव्हाटा, मग टोळके, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याच्याशी शेवटपर्यंत भेट नाही. तेव्हा आपण त्या बाईच्या घरी जावे. "वहिनी, वही आणि पासबुक दोन्ही घेऊन बसू या, आकडा जुळला तर तुमच्यावरचा आळ आपोआप उतरेल," असे म्हणावे. कदाचित बेरीज चुकलेली असेल. कदाचित एखादा हप्ता नोंदवावयाचा राहिला असेल. कदाचित घरातल्या आजारपणात पैसे खर्च झाले असतील आणि सांगण्याची हिंमत झाली नसेल. आणि कदाचित लबाडीही असेल. यांतील काय खरे ते ओसरीवर बसून कळत नाही, वहीत कळते. लबाडी निघाली तर ती गटाच्या सभेपुढे, लेखी, आकड्यांसह मांडावी, कारण ज्या बायकांनी मजुरीतून दहा-वीस रुपये वाचवून टाकले त्यांचाही कैवार कोणीतरी घ्यावयास हवा. नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायात, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, अशी आज्ञा आहेच.

आणि ज्यांनी तिला गप्प राहावयास सांगितले, त्या वडीलधाऱ्यांसही विनंती करावीशी वाटते. 'दोष काढू नका' हे वचन हिशेब मागणाऱ्यापुढे आडवे टाकण्यासाठी नाही. ते ज्याच्या हाती आहे त्याने आधी ते स्वतःवर चालवून पाहावे. जो माप देतो त्याला त्याच मापाने परत मिळेल, असे त्या वचनात पुढे आहे. ज्या गावात आज हिशेब विचारणे पाप ठरते, त्या गावात उद्या आपल्यावर खोटा आळ आला तर वही उघडा असे म्हणावयास कोणी उरत नाही.

पौलाने वेळेपूर्वी न्याय करू नका असे म्हटले, त्याचे कारणही तेथेच दिले आहे. अंतःकरणातील हेतू उघड करणारा आपण नव्हे. माणसाला कृतीचा निवाडा करता येतो, आणि तो केलाच पाहिजे. रक्कम जमा झाली की नाही, साक्ष खरी की खोटी, फळ चांगले की किडके, हे पाहण्यासाठीच डोळे दिलेले आहेत. माणूस समूळ कसा आहे, याचा निकाल मात्र आपल्या कचेरीत लागावयाचा नाही. ती फाईल वरच्या कचेरीतील आहे. एवढी एक सीमारेषा सांभाळली तर बायबलातील ही सारी वचने एकाच आसनावर सुखाने बसतात. ती सांभाळली नाही, तर ग्रंथ कोणताही असो, त्यातील प्रत्येक वचनाचा दगड होण्यास वेळ लागत नाही.